तुमच्या नंबरवर आलेले फोन

बाबा, तुमचा फोन वाजतो आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि या महिन्यात तुम्हाला जितके फोन आले तितके तुम्ही नोकरीत होतात तेव्हाही आले नसतील. फोन तुमचाच, बटणांचा, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेला. मी तो अजून चार्ज करते आणि त्यात रिचार्जही मारते. का, ते मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही. फोन आहे तर फोनसारखा वाजला पाहिजे, म्हणून तुम्ही त्यावर जुन्या काळ्या टेलिफोनची घंटी लावून घेतली होती. ती तशीच आहे. पहिल्यांदा वाजली तेव्हा आई स्वयंपाकघरात मुगवड्यांची डाळ वाटत होती. मिक्सर बंद झाला आणि आतून आवाज आला, "यांचा फोन वाजून राहिला वं. उचल ना."

चूक माझी. गाडीचा विमा पुढच्या रविवारी संपणार होता. गाडी म्हणजे तुमचीच पांढरी, तिनंच मी रोज पारशिवनीला शिकवायला जाते. दर वर्षी तुमचे मित्र, ते विम्याचे एजंट काका, घरी येऊन चहा पिऊन कागद करून द्यायचे. जाताना चपला घालता घालता म्हणायचे, "पोरी, गाडी तुझ्या नावावर करून घे. आता पुढच्या वर्षी मी नाही करणार असं." मी म्हणायचे, हो काका. पुढच्या वर्षी ते पुन्हा तसंच करून द्यायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे. या वर्षी ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. कॉलेजातले सगळे म्हणाले, ऑनलाइन कर, सगळ्या कंपन्यांचे भाव शेजारी शेजारी दिसतात, दोन मिनिटांचं काम. एक मॅडम तेवढं म्हणाल्या, स्वतःचा नंबर देऊ नकोस, जीव खातील.

मी साइटवर गाडीचा नंबर टाकला. चाक गरगरलं आणि पडद्यावर आलं, 'तुमची गाडी सापडली', आणि खाली नमस्कार लिहून तुमचं नाव. पुढे जी लावलेलं. मी तशीच बघत बसले. इतक्या आदरानं तुमचं नाव बऱ्याच दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. मग खाली मोबाइल नंबर मागितला आणि मी तुमचा दिला. म्हटलं, तुम्हाला कोण त्रास देणार आहे.

त्या साइटचं वर्णन ऐकाच, तुम्हाला मजा येईल. सगळ्यात वर, हिरव्या पट्टीत, 'सर्वांत स्वस्त'. त्यावर बोट ठेवलं की पुढच्या पानावर ती थोडी महाग झालेली. तिसऱ्या पानावर आणखी. शोधलं तर किल्ली हरवण्याचा विमा, टायरचा विमा, वाटेत गाडी बंद पडली तर मदतीचा विमा, सगळ्या चौकटींत त्यांनी आपल्या हातानं बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या. मी खुणा काढल्या. तेवढ्यात कोपऱ्यात घड्याळ उलटं चालायला लागलं, 'ही किंमत फक्त नऊ मिनिटं'. मी घाबरून चहा टाकायचं पुढे ढकललं. नऊ मिनिटं संपली आणि घड्याळ निमूट पुन्हा नऊवर जाऊन बसलं. 'आत्ता सतरा जण हीच पॉलिसी बघत आहेत' असंही आलं. तुमच्या गाडीची पॉलिसी सतरा जण कशाला बघतील, सांगा.

किमतीला एक बारीक फुली होती. फुलीचा खुलासा तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तेव्हा मी तुमचं भिंग काढलं. माझ्या लग्नात सगळ्यांनी मिक्सर दिले, चार मिक्सर आले होते, आणि तुम्ही पितळी दांड्याचं भिंग दिलंत. "सही करशील तिथं आधी हे फिरव," म्हणालात. सासूबाईंना वाटलं पत्रिका बघायला दिलं असेल. ते भिंग मी मोबाइलवर धरलं तर अक्षरं दिसेनात, नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके. सगळा खुलासा ठिपक्यांचा.

तुम्ही पॉलिसी मागून वाचायचात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा कपाळावर, पट्टी एकेका ओळीखाली सरकवत. पुढच्या पानावर काय देणार ते असते, मागच्या पानावर काय नाही देणार ते असते, आणि माणसाचं काम मागच्या पानाशी पडते, असं तुमचं म्हणणं. आईला पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकावं लागायचं. "युद्ध, परकीय आक्रमण, अणुस्फोट, यात नुकसान झालं तर काही मिळणार नाही." आई म्हणायची, "गाडी घेऊन युद्धावर कोण चाललं इथं? सांबार संपला, तो आणाले जा." आणि तुम्ही पट्टी त्या ओळीवर ठेवून कोथिंबीर आणायला जायचात, परत येऊन तिथूनच पुढे वाचायला.

साइटला मात्र मागचं पानच नव्हतं, बाबा. मी शेवटपर्यंत खाली सरकवत गेले.

तर फोन. दिवसाला वीस-पंचवीस. "सर से बात हो सकती है?" पहिल्या माणसाला मी खरं सांगणार होते. तोंड उघडलं आणि निघालं ते, "ते बाहेर गेलेत." कब आएंगे? "संध्याकाळी." एकदा म्हटल्यावर पुढच्याला वेगळं काय सांगणार? मग तुम्ही कधी भाजी आणायला गेलात, कधी बँकेत. शनिवारी तर मी तुम्हाला अंघोळीला पाठवलं आणि तो माणूस पंधरा मिनिटं थांबायला तयार झाला.

खोटं बोलताना मला जरीपटक्याच्या बाजारातली ती दुपार आठवत होती. कॉलेजात शिकत असताना तिथं माझ्या स्कूटीनं एका पेरूच्या हातगाडीला धडक दिली होती, आणि घरी येऊन मी सांगितलं, कुणीतरी येऊन मला ठोकलं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासणं हेच तुमचं काम, तसंच केलंत. टॉर्च घेतली, खडू घेतला, उकिडवे बसलात, पत्र्यावरून अंगठा फिरवलात आणि पोच्याभोवती गोल काढलात. म्हणालात, "समोरचा उभा होता, तू चालत होती. माणूस खोटं बोलते पोरी, पत्रा नाही बोलत." मग मला मागे बसवून जरीपटक्याला नेलंत, आणि मी त्या पेरूवाल्याची माफी मागेपर्यंत तुम्ही बाजूला उभे राहून पेरू निवडत होतात.

शनिवारीच सकाळी एका मुलीचा फोन आला होता, मराठीत. तिलाही मी संध्याकाळ सांगितली. तिनं बरोबर सहाला केला. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते, फोन आईनं उचलला. मी जिना उतरत होते तोवर आईचं चालू होतं, "ते नाही येत आता, बाई. नऊ वर्षं झाली. तुमचं जेवण झालं का?"

मी फोन घेतला. मुलगी म्हणाली, "मॅडम, सकाळी तुम्ही बोलल्या का सर बाहेर गेले."

"हो."

"मग मी आता लिहू काय? माझ्या स्क्रीनवर तीनच खाने आहेत. घेणार, नाही घेणार, नंतर फोन करा."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, कारण ती आवाज खाली करून बोलायला लागली. "मी उमरेडची आहे मॅडम. एक सांगू? ते वरचं हिरवं घेऊ नका. त्यात तुमच्या गाडीची किंमतच कमी धरली आहे, म्हणून ते स्वस्त दिसते. उद्या गाडी चोरीले गेली तर हातात काहीच नाही येत. आणि सरांच्या नावावर तर काहीच घेऊ नका. आमची साइट नाव विचारते, माणूस आहे का नाही ते नाही विचारत. काही झालं तर कंपनी एवढ्याचवर नाही म्हणेल. आधी गाडी तुमच्या नावावर करा."

म्हणजे तुमचंच मागचं पान. तुम्ही किती लोकांचे दावे याच कारणानं परत पाठवले असतील, आणि तुमची मुलगी सगळं माहीत असून नऊ वर्षं त्याच कागदावर पारशिवनीला जात होती.

"मग काय लिहू मॅडम?" तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणणार, नाही घेणार लिही. मागून आई म्हणाली, "नंतर फोन करा लिहाले सांग तिले. आणि दुपारी करत जा म्हणावं. यांची झोपायची वेळ राहते ती, घर लई चूप वाटते." मी आईकडे पाहिलं. ती टेबलावरून हात फिरवून नसलेली डाळ गोळा करत होती.

रविवारी विमा संपला. मी गाडीवर कव्हर घातलं आणि सोमवारपासून एसटीनं जायला लागले. एक दिवस सुट्टी घेऊन आरटीओत गेले. आईनं संमतीच्या कागदावर सही केली, पूर्ण नाव, तुमच्या नावासकट. अर्जात एक ओळ होती, मालकी बदलण्याचे कारण. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "एकच शब्द लिहायचा आहे मॅडम, मागे लाइन आहे." मी लिहिला. मग पर्समधून भिंग काढून तो कागद मागून पुढून वाचला, आणि रांगेतल्या लोकांनी मला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

आता गाडी माझ्या नावावर आहे. विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन, माणसासमोर बसून घेतला. गाडीची किंमत बरोबर धरली आहे, किल्लीचा विमा घेतलेला नाही, आणि अणुस्फोटात अजूनही काही मिळत नाही, ते मी आईला वाचून दाखवलं. तुमच्या नावाचं गाडीचं जुनं नोंदणी पुस्तक भिंगाजवळ ठेवलं आहे. हे पत्रही तिथंच ठेवीन, टाकायला पत्ता नाही.

एक तेवढं सांगायचं राहिलं. नव्या फॉर्मवर नाव माझं, पत्ता माझा, सही माझी. मोबाइल नंबरच्या खान्यात मी तुमचा लिहिला. त्यांनी नंबर वाचून खात्री करून घेतली, हाच ना मॅडम, आणि मी म्हटलं, हाच. दुपारी दोनच्या सुमारास करा, तेव्हा घरी असतात.