बोटभर ओरखडा

वडगाव, बेळगाव
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धूस,

आक्काचे भरभरून आशीर्वाद. तू आणि मंजुश्री खुशाल असाल असं धरून चालते. माझा फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर पाठवलेलं वाचत नाहीस, म्हणून म्हटलं कागदच पाठवावा. फाडायचा झाला तरी तो आधी हातात घ्यावा लागतो.

आधी इकडच्या बातम्या. थंडी चांगली पडली आहे. मागच्या गल्लीतल्या नागुबाईंनी माग काढून टाकले आणि तिथं पिठाची गिरणी घातली. आपले दोन माग सुरू आहेत, लग्नाच्या साड्या निघताहेत. मोतीबिंदू काढल्यापासून आप्पांना इतकं लख्ख दिसतं की साडीतला तुटका धागा माझ्याआधी त्यांनाच सापडतो, आणि मग दिवसभर मला ऐकून घ्यावं लागतं. त्या ऑपरेशनला तू आलास आणि दवाखान्याच्या दारातूनच निपाणीची गाडी पकडलीस. वडगावात चहालासुद्धा आला नाहीस. मी ते मनावर घेतलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? घेतलं होतं. तुझ्यावर रागवायचा मला हक्क नव्हता, तरी रागावले.

असो. यंदा शनीची कडी आपल्याला धारेवरून दिसतात, म्हणून पुन्हा बारीक झाली आहेत.

सोळा वर्षांपूर्वी ती अशीच झाली होती, आठवतं? शाळेच्या मैदानावर कुणीतरी दुर्बीण लावली होती आणि आप्पा रांगेत उभे राहून शनी बघून आले. रात्री जेवताना म्हणाले, दुर्बिणीचा आरसा आपणच करू, काच घासायचंच तर काम आहे, आपण विणकर माणसं, आपल्याला धीर कुणी शिकवायचा? आणि दुसऱ्या दिवसापासून मागाच्या शेडमध्ये ते वाळू भरलेलं तेलाचं पिंप उभं राहिलं. त्यावर एक काच पक्की बसवलेली, तिच्यावर दुसरी मोकळी, जिचा आरसा व्हायचा ती, मध्ये पाणी आणि घासायची पूड. वरची काच पुढं ढकलायची, मागं ओढायची, एक पाऊल सरकायचं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पिंपाभोवती आपण किती चाललो असू? आप्पा म्हणायचे, एव्हाना चालत सौंदत्तीला जाऊन आलो असतो.

मला ते दिवस अजून स्वप्नात येतात. बाहेर ऊन, आत माग बंद, आणि तुझ्या हाताखाली ती काच घुमत असायची. पूड जाडी असताना आवाज खरखरीत यायचा, मग महिन्यामहिन्यानं बारीक पूड आली तसा मऊ होत गेला. शेवटी शेवटी तर कुणी झोपेत कूस बदलावी एवढाच. तू डोळे मिटून घासायचास. मी विचारलं तर म्हणालास, बघितलं की चुकतं, हाताला आपोआप कळतं. मी मनात म्हटलं होतं, काय हा मिजाशी पोरगा!

आणि आप्पांचा तो नियम. पूड बदलली की सगळं धुवायचं. पिंप, बादल्या, जमीन, आपण स्वतः. जाड्या पुडीचा एक कण जरी मागं राहिला तरी चकाकी आणताना काचेवर ओरखडा उठणार. मला आंघोळ करून केस धुऊनच शेडमध्ये यायला लागायचं. एवढं सोवळं आपल्या घरात देवालासुद्धा कधी पाळलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी गेले चार दिवस लिहिते आणि फाडते आहे. म्हणून थोडी आडवाटेनं येते.

दिवाळीत मंजुश्रीचा फोन आला होता. सहज बोलता बोलता म्हणाली, यंदाही आकाशकंदील विकतचाच आणला. मी हसले. म्हटलं, अगं, आख्ख्या गल्लीचे कंदील आमचा सिद्धू करायचा, कामट्या तासण्यापासून.  तर ती म्हणाली, "आक्का, ते घरात साधा खिळा सुद्धा ठोकत न्हाईत. माझ्या हातानं काम बिघडतं, म्हणत्यात. लग्न झाल्यापासून हेच ऐकत्ये मी."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही, सिद्धू.

तू माग सोडून निपाणीला तंबाखूच्या वखारीत आवक-जावक लिहायला बसलास, तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की तुला नोकरीच हवी होती. आप्पांशी भांडण झालं, पोरगा रागानं गेला, येईल परत. त्यांचं ते वाक्य तू इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपत असशील असं मला वाटलं नव्हतं. वाटून घेतलं नव्हतं म्हण.

तर आता ऐक. शेवटची चकाकी चालली होती तो दिवस. दुपारी तू आणि आप्पा जेवून आडवे झाला होता. आरसा ओल्या फडक्याखाली झाकलेला. मी एकटीच शेडमध्ये गेले, कशाला, तर त्यात तोंड बघायला. आठ महिने घासलेल्या काचेत पहिल्यांदा काही दिसायला लागलं होतं, आणि मला वाटलं, तारे बघायच्या आधी तिनं मला बघावं. फडकं काढलं. माझं तोंड दिसलं, मोठं, पाण्यातल्यासारखं हलणारं. कपाळापाशी एक ठिपका होता. मी कमरेचा सुताचा बोळा काढला आणि पुसला.

तोच बोळा, सिद्धू. आपल्या घरात तुटकं सूत कुणी टाकतं का? बोळा करून कमरेला खोचायचा आणि जन्मभर हात पुसायचे. पहिल्या महिन्यात, जाड्या पुडीच्या वेळी, तो माझ्या कमरेला होता. मी तो धुतला होता, दोनदा धुतला होता. पण सुताच्या पिळात काय अडकून बसतं हे विणकराच्या लेकीला कळायला नको? बोटाखाली बारीक कर्र झालं. मला ऐकू आलं. मी बघितलं. बोटभर लांब, केसाएवढा.

मी आरसा परत फडक्याखाली झाकला.

चारला तू उठलास आणि घासायला लागलास. उजेड कमी म्हणून पाचला आप्पा दिवा घेऊन आले, आणि ओरखडा त्यांच्या नजरेला पडला. "तुझ्या हाताला कशाचीच कदर न्हाय," ते म्हणाले. "ज्याला हात लावशील ते बिघडवशील."  तुला स्वतःलाच वाटलं असणार की आपल्याच हातून झालं. मी दारात उभी होते, बोळा कमरेला खोचून. थोड्याच दिवसांपूर्वी आप्पा म्हणाले होते की अंजीचा हात आईवर गेलाय. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याबद्दल काही चांगलं म्हटलेलं ते एवढंच. ते जाऊ नये म्हणून मी तुला जाऊ दिलं. दुसरं काही कारण नाही. शोधलं, पण सापडलं नाही.

सप्टेंबरात मी, त्या दिवसापासून ट्रंकेत पडून असलेला, तो आरसा काढला. कडी पुन्हा बारीक होणार हे वर्तमानपत्रात वाचलं होतं. पुण्यात मारुतीराव म्हणून एक गृहस्थ दुर्बिणी करतात, त्यांच्याकडं आरशाला चंदेरी मुलामा द्यायला घेऊन गेले. त्यांनी आरशासमोर दिवा आणि ब्लेडची धार धरून त्याचा गोलवा तपासला.  मीच विचारलं, ओरखड्यामुळं वाया गेला का? ते हसले. एवढ्याशा ओरखड्यानं ताऱ्याच्या चित्राला काही होत नाही म्हणाले, डोळ्याला कळणारसुद्धा नाही. मग म्हणाले, "मी तीस वर्षं आरसे घासतोय. इतका नेमका गोलवा मला दोनदाच साधला. हा कुणाचा हात?"

मी म्हटलं, माझ्या भावाचा. आणि परतीच्या गाडीत कराडपर्यंत पदर डोळ्याला लावून बसले. शेजारच्या बाईंना वाटलं, घरी कुणी गेलं.

काल संध्याकाळी मी मारुतीरावांकडून जोडून आणलेली दुर्बीण गच्चीवर लावली आणि आप्पांना वर नेलं. दिवेलागण होऊन गेली होती, मावळतीला कोवळी चंद्रकोर, दक्षिणेकडं उंच शनी. आप्पा स्टुलावर बसले. दुर्बिणीला जरा हात लागला की शनी थरथरतो, हात काढला की हळूहळू थांबतो. तो थांबला तसे आप्पा म्हणाले, "मण्यात सूत ओवल्यागत दिसतंय गं." खरंच तसं दिसतं. कडी कसली, एक उजेडाचा धागा, मण्याच्या या बाजूनं आत आणि त्या बाजूनं बाहेर. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. सोळा वर्षं मी असंच म्हणत आले.

म्हणून तिथंच म्हटलं, "आप्पा, त्यो ओरखडा मी काढलाय. सिद्धूनं न्हाय."

आप्पांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. तुला माहीत आहे, दुर्बीण सरकवत राहिलं नाही तर मिनिटभरात ग्रह बाहेर निघून जातो. त्यांनी ती सरकवली नाही. शनी केव्हाच गेला असणार. तरी ते डोळा लावून बसून राहिले, चंद्रकोर नागुबाईंच्या गिरणीमागं उतरेपर्यंत. त्या अंधारात काय बघत होते देव जाणे. मग पाठ न वळवताच म्हणाले, "लई वाईट बोललो मी पोराला." आणि थोड्या वेळानं, "आरसा त्येचा हाय. त्येच्या घरात पायजे."

मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी उठून बघते तर आरसा दुर्बिणीतून काढून ठेवलेला. आप्पा मागावर बसून पांढरं सुती कापड विणत होते, बिन-किनारीचं, आरशाभोवती गुंडाळायला. मला जवळ येऊ देत नाहीत. कमरेला काय हाय बघू आधी, म्हणतात. पंधरा तास झाले, एवढा एकच टोमणा मिळाला.

पुढच्या रविवारी, तीस तारखेला, सकाळच्या गाडीनं आम्ही निपाणीला येतो आहोत. आप्पा आरसा मांडीवर घेऊन बसणार आहेत. दुर्बिणीची नळी आणि पेटी इथंच ठेवली आहे, पुन्हा आरसा बसवायला कुशल हात लागतो आणि तो आमच्या दोघांकडं नाही. मला क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागायला मी स्वतः येते आहे, तुला काय बोलायचं ते समोर उभं राहून ऐकून घेईन. पण दार उघड, सिद्धू. माझ्यासाठी नको, आप्पांचे हात भरलेले असतील, त्यांना कडी वाजवता येणार नाही.

मंजुश्रीला आशीर्वाद सांग. आणि तुझे हात एकदा नीट बघ. ते कधीच बिघडलेले नव्हते.

ओरखडा काढून गप्प बसलेली तुझी आक्का,
अंजनी