बांडीची बोट, विल्माचा गळ

एरी सरोवराकाठी, ओहायो
१५ जून १९९७

प्रिय बांडी यास विल्माचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझी बोट अजून बुडालेली नाही, एवढीच या आठवड्याची चांगली बातमी. फोनवर दोन वाक्यांत तुला धाप लागते आणि तुझी लेक इर्मा लगेच रिसीव्हर काढून घेते, म्हणून लिहायला बसले.

एप्रिलात तू खराब झालेली फुप्फुसं घेऊन तिच्याकडे वाळवंटात गेलास आणि मेच्या शेवटी तिथून काय फर्मान काढलंस! म्हणे वीस ऑगस्टला, आपल्या हंगेरियन लोकांच्या संत इश्तवानच्या सणाला, चर्चच्या अंगणातल्या कालवणाच्या हंड्यात विल्माने या बोटीतून धरलेले वॉलाय मासे पडले तर बोट राहील, नाहीतर तुझा मुलगा डेनिस ती विकून टाकेल. अरे, बहीण म्हणून जन्मभर मी तुझे मासे नुसते साफ केले. गळाला कधी हात लावला होता का मी?

शनिवारी शेजारच्या रोझीला सुकाणूवर बसवलं. हळू जा म्हटलं की ती थांबते, जरा वाढव म्हटलं की कॅनडाला निघते. मी मागे दोन काठ्या लावल्या आणि तुझे ते रंगीत खोटे मासे सोडले, ज्यांच्या तोंडापुढे प्लास्टिकची जीभ असते आणि बोट ओढायला लागली की जे बुडी मारतात. एकाने मारली. दुसरा पाण्यावर लोळत आडवा गेला आणि पहिल्याच्या गळ्यात पडला. उरलेली सकाळ गुंता सोडवण्यात गेली. रोझीने माळ जपू का म्हणून विचारलं, मी तिच्याकडे कात्री मागितली. शेजारच्या बोटींतले बापे हात हलवत होते. मी पण हलवला. मग कळलं, मेले हसत होते.

दोर किती सोडायचा, वेग किती ठेवायचा, सगळं नीट कळव. औषधं वेळेवर घे. मासे नाहीत म्हणून माया आटवू नकोस.

तुझी,
विल्मा

टूसॉन, ॲरिझोना
२३ जून

चि. विल्मा हिस अ. उ. आ.

पत्र वाचून इतका हसलो की इर्मा ऑक्सिजनची नळी घेऊन धावली. तिने तुला एक शिवी दिली आहे, ती मी इथे लिहीत नाही.

आता ऐक. खोटा मासा आडवा पळतो, कारण त्याच्या नाकातली कडी वाकडी असते. ती पकडीने किंचित सरळ कर आणि बोटीच्या कडेला धरून बघ. नाकासमोर पोहला तरच मागे सोड. वळताना रोझीला मोठा फेरा घ्यायला सांग, जागच्या जागी गरकन वळलात की दोर एकमेकांत जाणारच. वेग म्हणजे बाजाराला निघालेल्या माणसाची चाल, त्याहून जास्त नाही. काठीच्या रिळावर सोडलेल्या दोराचा फुटांत आकडा दिसतो, तो ऐंशीवर आला की थांब. वॉलायचे डोळे वर लागलेले असतात. त्याला खाणं डोक्याच्या थोडं वर हवं, पोटाखाली गेलं तर तो बघतही नाही.

आणि गुंता झाला तर सोडवत बसू नकोस. सरळ काप आणि पुढे चल. दिवस गुंत्यात घालवायला तू काही लोकर विणत नाहीस.

रोझीला सांग, माळ जपायला हरकत नाही, पण दोन्ही हात सुकाणूवर ठेवून. धीर धर आणि या म्हाताऱ्यावर रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
बांडी

एरी सरोवराकाठी
८ जुलै

प्रिय बांडी, स. न. वि. वि.

केलं सगळं. कडी सरळ केली, फेरा मोठा घेतला, आकडा ऐंशी म्हणजे ऐंशीवर ठेवला. काय मिळालं सांगू? शीपहेड! एकामागून एक कुबडे, काटेरी, मांजरही तोंड न लावणारे शीपहेड. पहिला लागला तेव्हा मी वेड्यासारखी ओरडले. शेवटच्याला पाण्यात टाकताना मी त्याला जे बोलले ते ऐकून रोझीने क्रुसाची खूण केली.

गुंते होतातच. तू म्हणालास तसं कापते आणि पुढे जाते. आणि सगळ्यात संताप कशाचा येतो माहितेय? तुझं पत्र येईपर्यंत वारा बदललेला असतो. इथे उन्हाळा तापतोय, मासे पूर्वेकडे निघालेत, आणि माझ्या हातात तुझा जूनचा सल्ला!

परवा डेनिस धक्क्यावर आला होता. एका गिऱ्हाइकाला बोट दाखवत होता. मी त्याला म्हटलं की अजून वीस ऑगस्ट उजाडायचाय. त्यावर तो, हो आत्या, म्हणाला आणि घाईने गिऱ्हाइकाला घेऊन निघाला. तुझ्यावर गेलाय, खरं काय ते तोंडातून काढत नाही.

लवकर लिही. इतक्या लवकर की मासे इथेच असतील.

विल्मा

टूसॉन
१७ जुलै

चि. विल्मा, अ. आ.

धाप लागते म्हणून थोडक्यात लिहितो. ऐंशीवर ठेवून वॉलाय लागत नाही हे मला पटत नाही. चाळीस वर्षं मी त्या पाण्यात ऐंशीवरच धरले. तू कुठेतरी चुकतेस, किंवा रोझी झोपा काढते.

पण जाऊ दे. तुझी कंबर, तुझी पाण्याची भीती, हे काय वय आहे शिकायचं? डेनिसला किल्ली देऊन मोकळी हो. मी रागावणार नाही. सणाला बाजारातला कार्प मासा घालतील, कालवणात कुणाला काय कळतंय!

तब्येत जप. माझा आशीर्वाद बोटीवर अवलंबून नाही.

बांडी

एरी सरोवराकाठी
२६ जुलै

बांडी,

आज नमस्कार बिमस्कार काही नाही.

शिकायचं वय नाही म्हणे! फर्मान कुणाचं होतं? मला बोट नकोय रे. मला पाण्याची भीती वाटते, पेट्रोलच्या वासाने डोकं धरतं, हातांना गळ टोचून टोचून चाळण झालीय. मी हे कशासाठी करतेय ते तुला खरंच कळत नाही? बोट गेली तर तू परत येणार नाहीस. वाळवंटात खिडकीशी बसून राहशील आणि एक दिवस इर्माचा फोन येईल. बोट इथे असली तर वसंतात बर्फ वितळल्यावर तू येशीलच, मला शिव्या घालायला का होईना. तुला पुढे बसवून घेऊन जाणारं कुणीतरी हवं, म्हणून मी शिकतेय. झालं समाधान?

आणि मी चुकत नाहीये. डोळ्यांत तेल घालून आकडा बघते. कापून कापून रिळावर दोर इतका कमी झालाय की मधला दांडा दिसायला लागलाय, पण ऐंशी म्हणजे ऐंशीच सोडते. आता तूच सांग, चुकतंय कोण?

तरीही तुझीच,
विल्मा

टूसॉन
३ ऑगस्ट

चि. विल्मा हिस अ. उ. आ.

मी चुकलो. मी गाढव आहे, हे पत्र रोझीला मोठ्याने वाचून दाखव.

तो आकडा दोर मोजत नाही, रिळाचे फेरे मोजतो. रीळ काठोकाठ भरलेलं असेल तरच ऐंशी म्हणजे ऐंशी फूट. तुझ्या हडकुळ्या रिळाचा फेरा छोटा. वर ऐंशी दिसतात आणि पाण्यात जातो त्याच्या निम्मा. सगळा महिना तुझे खोटे मासे वॉलायच्या इतक्या वरून फिरायला गेले की त्यांना पत्ताही नव्हता. आणि गुंता काप, गुंता काप म्हणणारा मीच. माझं रीळ हिवाळ्यात मी स्वतः भरायचो, म्हणून डोक्यातच आलं नाही.

दोन्ही रिळं कडेपर्यंत नव्या दोराने भर. मासे आता बेटांच्या पूर्वेला खोल गेले असतील. तिथे शंभरावर ठेव.

बाकी जे लिहिलंस त्यावर मला आज लिहिता येत नाही. माझ्यावर लोभ ठेव, मी त्याच्या लायकीचा असो नसो.

बांडी

एरी सरोवराकाठी
२१ ऑगस्ट

अत्यंत प्रिय बांडी, शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

चार! चार वॉलाय! सणाच्या आदल्या सकाळी, बेटांच्या पूर्वेला, शंभरावर!

पहिल्यांदा मला वाटलं गवत अडकलं. ओढतच नव्हता मेला, ओल्या रजईसारखा जड जड येत होता, मधूनच मान झटकायचा. रोझी सुकाणू सोडून जाळं घ्यायला धावली, बोट गोल फिरली, मी किंचाळले, ती किंचाळली. मग त्याचे ते काचेरी डोळे पाण्यावर आले आणि मी चक्क बोटीत फतकल मारून रडले. बापे या वेळी पण हात हलवत होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काल हंडा चढला. ढवळलं की मासे मोडतात, म्हणून नेहमीचे म्हातारे तो दोन्ही कानांना धरून हलवत होते, डाव घालायला गेलेल्या एका बाईला हाकलून दिलं. चारही वॉलाय माझ्या हातांनी मी त्यात सोडले. डेनिसने दोन वाडगे खाल्ले आणि मला घट्ट मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, तिखट पाप्रिका जास्त पडली वाटतं. किल्ली माझ्याकडेच आहे.

आता तुझी कारणं संपली. एप्रिलात ये. पुढची खुर्ची तुझी, गादी शिवायला घेतलीय.

तुझ्या आशीर्वादाची आणि शाबासकीची वाट बघणारी,
विल्मा

टूसॉन
३० ऑगस्ट

चि. विल्मा हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

शाबास. पत्र इर्माने मला दोनदा वाचून दाखवलं. हेही तीच लिहून घेते आहे, म्हणून जिथे शाई पसरली असेल तिथे दोष तिचा.

मी येणार नाही, विल्मा. डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं की यापुढे प्रवास नाही आणि पुढचा वसंतही धरून चालू नका. डेनिसला माहीत होतं. तो बोट लगेच विकायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, सणापर्यंत थांब, ती दोन आठवड्यांत कंटाळून स्वतःच किल्ली देईल. तू हरावीस असंच मला वाटत होतं. हरलीस की बोट जाईल, आणि बोटीबरोबर तुझं माझी वाट बघणंही संपेल.

मग सल्ले खरे का दिले, म्हणशील. खोटे द्यायचं मनात होतं. एक पत्र तसं लिहिलंही, पण माशांच्या बाबतीत खोटं बोलायला हात धजेना, फाडून टाकलं. आणि तुझं रिळाबद्दल वाचलं तेव्हा तर मला रात्रभर आनंदाने झोप नव्हती. तुला हरवायचं मी विसरूनच गेलो.

बोट तुझी. रागाव, पण फार दिवस नको.

बांडी

एरी सरोवराकाठी
८ सप्टेंबर

प्रिय बांडी,

नीच माणसा. तुझं पत्र वाचून मी धक्क्यावर गेले आणि तुझ्या बोटीला लाथ मारली. पायाचा अंगठा सुजलाय.

मग रोझीला न सांगता एकटीच दोर सोडायला गेले. एकही लागला नाही. पूर्वेचा वारा होता, पाणी गढूळ झालं होतं, मासे वर आले की आणखी खोल गेले, मला काही कळेना. तुझा जुना सल्ला उपयोगाचा नाही. सरोवर गोठलं की बोट झाकून मी तिकडे येते, इर्माला खोली तयार ठेवायला सांग. पण त्याआधी सप्टेंबरचं लिही, ऑक्टोबरचं लिही, गढूळ पाण्यात कोणता रंग ते लिही. धाप लागली तर एका ओळीचं पत्र पाठव.

तू परत येणार नाहीस, ते कळलं मला. पण मला अजून नीट येत नाही, बांडी. तेव्हा इतक्यात कुठे जाऊ नकोस.

तुझी बहीण,
विल्मा