घोडा वेगळा, शिकवणारी वेगळी

लालबाग
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
श्रेयाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कपाटात ठेवतेस, म्हणून हे तुमच्या शेजारच्या राजारामकाकांच्या ऑफिसच्या बॅगेतून पाठवतेय. काका परळला येतात, मी त्यांना ऑफिसच्या दारात गाठते. उत्तरही त्यांच्याच हाती दे.

बातमी अशी की मला एका ऐतिहासिक मालिकेत काम मिळतंय. सरदाराच्या मुलीचं. एवढी वर्षं नाटकाच्या स्पर्धांत मागच्या रांगेत मशाल धरून उभी राहिले, पहिल्यांदा कोणीतरी पुढे ये म्हणालं. भानगड एकच आहे. त्यांनी विचारलं, घोड्यावर बसता येतं का. माझ्या आधीच्या मुली नाही म्हणाल्या होत्या. मी हो म्हणाले. लहानपणापासून येतं, असंही म्हणाले. आता मार्चच्या शेवटी ते मला घोड्यावर बसवून बघणार आणि मगच सही करणार.

वरळी कोळीवाड्यातल्या दीपिका मॅडम घोडेस्वारी शिकवतात. कुठल्या क्लबात नाहीत, स्वतःच्या स्वतः शिकवण्या घेतात. तासाला दोन हजार. क्लबची फी ऐकलीस तर हे स्वस्त वाटेल. बाबा म्हणाले, घोड्यासाठी एक रुपया मिळणार नाही, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर. आई म्हणाली, आजीला विचार. चाळ पाडल्यापासून बिल्डरचं भाडं तुझ्या नावावर येतं आणि तू आत्याकडे राहतेस, म्हणून विचारतेय.

तुझ्या हातचे धम्मक लाडू बऱ्याच दिवसांत मिळाले नाहीत. ते या पत्राच्या उत्तरात मिळतील अशी भीती आहे, तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी श्रेया

—

अँटॉप हिल
१४ फेब्रुवारी

चि. श्रेयास लक्ष्मीआजीचे आशीर्वाद.

मी बरी. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो.

लहानपणापासून येतं म्हणालीस काय? लहानपणी तुला चौपाटीवर घोड्यावर बसवली तर उतरेपर्यंत भोकाड पसरलंस आणि उतरल्यावर भेळ मागितलीस. तेवढीच तुझी घोडेस्वारी. खोटं बोलायचं तर थोडं बोलावं गो, निभवायला सोपं जातं.

तुझा बाप नाही म्हणतो ते बरोबरच आहे. विनीत लहानपणापासून बरोबरच असतो. पण बापाने बरोबर असावं आणि आजीने पैसे द्यावे ही आपल्या घरची रीत आहे. त्याला स्कूटर हवी होती तेव्हा त्याचा बाप नाही म्हणाला होता, पैसे माझ्या कनवटीतून गेले. याची त्याला आठवण करून देऊ नकोस, त्याला आठवतं.

बिल्डरचं भाडं मी देवळाला देणार नाही आणि बरोबरही नेणार नाही. पण दोन हजार तासाला म्हणजे ती बाई काय घोड्याला बोलायला शिकवते? तिला इकडे पाठव. कोळ्याची मुलगी आहे तर मला भाव करायला संकोच नाही आणि तिला ऐकायला नसेल.

बाकी इथे सगळं ठीक. तुझी आत्या मिठाशिवाय जेवण करते, त्याला पथ्य म्हणते. लोभ आहेच, तो काय कुठे जातो.

लक्ष्मीआजी

—

अँटॉप हिल
२० फेब्रुवारी

चि. श्रेयास आशीर्वाद.

तुझी दीपिका येऊन गेली. तिचा आवाज मला यंत्राशिवाय ऐकू आला, त्यामुळे बाई मनात भरली. आईची मासळीची पाटी होती म्हणे, म्हणजे आवाज वारशाने मिळालाय.

मी म्हटलं आठशे. ती उठली आणि चपला घालायला लागली. मी म्हटलं, जा, जिना जपून उतर, बल्ब गेलाय. ती परत बसली. मग तुझ्या आत्याने चहा आणला. शेवटी बाराशेवर आलो. इतकी पटकन हो म्हणाली की हजारच म्हणायला हवं होतं असं वाटून मला रात्रभर हळहळ लागली. अर्धे पैसे आगाऊ दिले. दोन हजाराचे बाराशे केले, हे तुझ्या बापाला मुद्दाम सांग.

पाठ ताठ ठेव. तुझी मोबाईल बघायची सवय घोड्याला चालणार नाही.

लक्ष्मीआजी

—

लालबाग
२५ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

मॅडम शुक्रवारी आल्या. घोडा नाही आला.

मी विचारलं, तर त्या खदखदून हसल्या. म्हणाल्या, दोन हजारांत घोडा धरला होता, तुझ्या आजीने बाराशे केले, बाराशेत घोडा बसत नाही. आजींनी शिकवणीचा भाव केला, घोड्याचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांचा धंदाच असा आहे, आजी. त्यांच्याकडे स्वतःचा घोडा नाही. ज्यांचे घोडे तबेल्यात बांधलेले असतात ते त्यांना बोलावतात, नाहीतर त्या भाड्याने घोडा ठरवतात. आपल्या बाराशेत फक्त मॅडम आहेत. मॅडम, एक चाबूक आणि एक खोगीर. खोगीर त्या टॅक्सीतून मांडीवर घेऊन आल्या होत्या.

मला रडू येत होतं. त्या म्हणाल्या, बसायला काहीतरी तर शोध. मग मला कुशाबामामांचा गणपतीचा कारखाना आठवला. माघी गणपती होऊन गेलेत, भाद्रपदाच्या मूर्तींना अजून हात लागलेला नाही. मागच्या शेडमध्ये कुठल्यातरी मंडळाच्या जुन्या देखाव्यातला फायबरचा पांढरा घोडा पडून आहे. शेपटी तुटलीय. त्याच्यावर खोगीर बांधून मॅडम मला रोज बसवतात. पाय कुठे, टाच कुठे, लगाम किती ढिला. लगामाचं दुसरं टोक स्वतः धरून समोर उभ्या राहतात आणि घोड्यासारखा हिसका देतात. नऊवारी नेसून चढायचं आणि उतरायचं, पुन्हा चढायचं. मांड्या इतक्या दुखतात की जिना मी उलटी उतरते. कारखान्यातली पोरं विचारतात, बाईंचं विसर्जन कधी.

पण आजी, हा घोडा चालत नाही. परीक्षेचा घोडा चालेल. पनवेलच्या पुढे एका फार्मवर घोडे तासावर मिळतात. रविवारी जायचं. त्याचे वेगळे लागतील. तू केलेल्या भावात ते धरले तर सगळं मिळून दोन हजारांच्या वर जातं. हे मी बाबांना मुद्दाम सांगितलेलं नाही.

श्रेया

—

अँटॉप हिल
२७ फेब्रुवारी

चि. श्रेयास आशीर्वाद.

लबाड आहे. बाईत पाणी आहे.

चूक माझी नाही. पापलेट घेताना पापलेटच्या आत पापलेट आहे का, असं कोणी विचारत नाही. पण आता बोलून काय. रविवारच्या घोड्याचे पैसे राजारामच्या हाती दिलेत. ते फार्मवाल्याच्याच हातात दे, तिच्या नको. सगळे रविवार एकदम सांगून टाक म्हणजे तो शेवटच्या वेळी घोडा आजारी पाडणार नाही. यावेळी भाव केला नाही. केला तर तो तीन पायांचा देईल.

कुशाबाला नमस्कार सांग आणि शेडचं भाडं मागितलं तर मला कळव. मागणार नाही. त्याच्या लग्नात मी दोनशे माणसांचं वाटण वाटलंय.

लक्ष्मीआजी

—

लालबाग
२४ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

पास झाले!

सविस्तर सांगते. फार्मवरची घोडी मैना नावाची, विटकरी रंगाची. पहिल्यांदा बसले तेव्हा तिने मान वळवून कोण बसलंय ते बघितलं आणि उसासा टाकला. तुझी आठवण झाली. दुसऱ्या रविवारी पडले. मॅडम म्हणाल्या, आधी उठ, मग रड. उठल्यावर रडायचं राहूनच गेलं. फक्त कोपर सोललंय, आईला सांगितलं नाही.

शनिवारी मालिकावाल्यांनी मैदानात बोलावलं. चालवून घेतलं, दुडक्या चालीने दोन फेऱ्या, मग नऊवारीत चढणं-उतरणं. त्यांचा घोडेवाला म्हणाला की बसणं चांगलं आहे. दौड मला येत नाही, पण ती दुसरं कोणीतरी माझ्या साडीत करणार आहे.

आता पुढचं. ते म्हणतात, घोड्यावरच्या दिवसांना माझा स्वतःचा ट्रेनर सेटवर हवा, खर्च माझा. कारण मीच म्हणाले होते की मला येतं. मॅडमना दिवसभर थांबायचं तर बाकीच्या शिकवण्या बुडतात, त्यामुळे दिवसाचे सहा हजार. मला दिवसाचे साडेतीन मिळणार. असे दहा-बारा दिवस असतील. मी हिशोब करून बघितला, आणि मग केला नाही असं ठरवलं. एकदा चेहरा दिसला की पुढची कामं मिळतात. सगळेच असं करतात.

दोन महिन्यांचं भाडं देशील? यापुढे कधी मागणार नाही. सही शुक्रवारी आहे.

तुझीच,
श्रेया

—

अँटॉप हिल
२५ मार्च

चि. श्रेयास आशीर्वाद.

पास झालीस, चांगलं झालं. कोपराला हळद लाव.

पैसे देणार नाही.

शिकायला पैसे दिले, त्याचं मला काही वाटत नाही. शिकलेलं तुझ्या अंगात राहिलं. पण काम करायचं आणि वर त्या कामाला आपणच पैसे द्यायचे, याला मी काम म्हणत नाही. तुझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे, ते साचा सांभाळायला घरून माणूस घेऊन जात नव्हते. घोडा त्यांचा, मैदान त्यांचं, मालिका त्यांची, मग तू पडू नयेस ही काळजी पण त्यांचीच.

सगळेच करतात म्हणतेस. करत असतील. ज्यांच्या बापाचं चालतं ते करतात, आणि म्हणून मालिकावाल्यांना तो भाव लावता येतो.

शुक्रवारी जा, आणि हेच त्यांना सांग. उद्धटपणे नको, सरळ. हो म्हणाले तर कर. नाही म्हणाले तर घरी ये.

लक्ष्मीआजी

—

लालबाग
३१ मार्च

ती. आजीस सा. न.

तू सांगितलंस तसं सांगितलं. सरळच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या मुलीचे वडील ट्रेनरचा खर्च करायला तयार आहेत.

पाडव्याला आईने श्रीखंड केलं होतं. काकांबरोबर डबा पाठवलाय.

श्रेया

—

अँटॉप हिल
१२ एप्रिल

चि. श्रेयास आशीर्वाद.

राजाराम रोज रिकामी बॅग घेऊन येतो आणि माझ्याकडे असं बघतो की जसं मीच त्याचं सामान चोरलंय. म्हणून मीच लिहिते.

तू रागावलीस. रागाव. मी सांगितलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. काम गेलं हेही खरं, आणि ते माझ्या सांगण्याने गेलं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू? तुला गोड लागेल असं काहीतरी लिहावं म्हणून बसले, पण तसलं मला जमत नाही आणि तुला ते खोटं वाटेल.

पैसे पाठवलेले नाहीत. आता त्यांचा उपयोग नाही.

श्रीखंड आंबट होतं. तुझ्या आईला चक्का रात्रभर टांगायला सांग. लिहावंसं वाटलं तर लिही.

लक्ष्मीआजी

—

लालबाग
२९ एप्रिल

ती. आजीस, सा. न. वि. वि.

लिहिणार नव्हते. मालिकेची जाहिरात आता आमच्या सिग्नलच्या खांबावर लागलीय. ती मुलगी घोड्यावर छान दिसते. मी दोनदा तिच्याखालून गेले आणि तिसऱ्यांदा रस्ता बदलला.

तू पैसे दिलेले दोन रविवार फार्मवाल्याकडे राहिले होते. मी जाणार नव्हते, कशाला जायचं? मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तो पैसे परत देत नाही, त्यापेक्षा ये. मी त्यांना शिकवणीचे पैसे आता देता येणार नाहीत म्हटलं. त्या म्हणाल्या, तशीही मी तिथे दुसऱ्या मुलांना शिकवतेच आहे, कुंपणावरून तुला ओरडेन, ओरडायचे पैसे घेत नाही.

पहिल्या रविवारी काही झालं नाही. परवाच्या रविवारी मैनाने दुडक्या चालीतून एकदम दौड घेतली. तिला मॅडमनी सांगितलं की मी, ते कळलंच नाही. अख्ख्या मैदानाला फेरी मारून आलो. कोणी शूटिंग करत नव्हतं, कोणी मार्क देत नव्हतं. मला हसू आलं. खाली उतरल्यावरही हसतच होते. एवढंच.

दादरला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला लागलेय. बँकेचा फॉर्मही भरला, बाबा खूश आहेत. महिन्यातून एक रविवार माझ्या पगारातून मैनाकडे जायचं ठरवलंय. बाबांनी पँटचा चिखल बघितला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, घोडी दिवसाला किती खाते.

राग अजून थोडा आहे. तो राहू दे. तब्येत सांभाळ.

तुझी श्रेया

—

अँटॉप हिल
१ मे

चि. श्रेयास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आत्याने मागितलं, तिला दिलं नाही.

नोकरी लागली, चांगलं झालं. दातवाल्याकडे पगार महिन्याच्या महिन्याला घे. मागे राहिला तर राहतोच. राग ठेव, मला त्याचा त्रास नाही. मैनाचे पैसे तू तुझे भरतेस ते योग्य, मी आता त्यात पडणार नाही.

पण एक सांगते. दोन पानं लिहिलीस, त्यात खांबावरच्या मुलीबद्दल लिहिलंस, बापाबद्दल लिहिलंस, दीपिका काय म्हणाली ते लिहिलंस. घोडी दौडत होती तेव्हाचं काय लिहिलंस, तर हसू आलं, एवढंच. इतक्या पैशात एवढंच? मी जन्मात कधी घोड्यावर बसले नाही आणि आता या गुडघ्याने बसणार नाही. पाय कुठे होते, वारा तोंडावर लागतो की कानात, खालून ती कशी हलते, भीती आधी जाते की हसू आधी येतं, डोळे उघडे होते का. मला यातलं काहीच माहीत नाही.

राजाराम सोमवारी परळला येईल तेव्हा त्याच्या हाती नीट लिहून पाठव. घाई करू नकोस, पानं लागतील तेवढी लागू देत. मी वाट बघते.

लक्ष्मीआजी