कर्ण आडवा आला

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी, भाच्याचा अडकल्या जागेवरून नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असावी, मामींचा गुडघा निमूटपणे वाकत असावा आणि आपलं पित्त (जे माझी गणिताची उत्तरपत्रिका बघून पहिल्यांदा खवळलं असं आई सांगते) शांत असावं, अशी इच्छा करतो. नसेल तर पत्र जेवण झाल्यावर वाचावं. कागद खरखरीत आहे, राग नसावा. पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला लिहितो आहे, कारण इथे दुसरा कागद नाही.

मामा, तुम्ही जिंकलात. शाळेतलं गणित कामधंद्यात उपयोगी पडतं, हे मी आज मान्य करतो. इतकी वर्षं सुतारकाम करताना मला तुमच्या त्या हौदाची एकदाही आठवण आली नव्हती (एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो, आणि दुसरा बंद करावा हे कुणालाच सुचत नाही). माणसं दुप्पट केली की काम निम्म्या वेळात होतं, हेही तुमचंच. आमच्याकडे माणसं दुप्पट केली की फक्त चहा दुप्पट होतो. तेव्हा गणित हे मास्तरांची पोटं भरावीत म्हणून निघालेलं शास्त्र आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

आता मुद्दा. माझं एका ठिकाणी जमत आलं आहे, हे आईने तुमच्या कानावर घातलंच असेल. मुलगी शाळेत गणित शिकवते (हसू नका). मला ती फार आवडते, इतकी की पहिल्या भेटीत मी भूमितीबद्दल आदराने बोललो. तिच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि समोरच्याला शेवटची ओळ वाचता येणार नाही, अशाच नजरेने ते माणसाकडे बघतात. त्यांनी अट घातली, की आमच्याकडे छतापर्यंतचं एक कपाट करून दाखवा, मग बोलू. ज्याला कपाट उभं करता येतं त्याला संसार उभा करता येतो, असं त्यांचं मत. सुताराला कपाट करायला सांगणारा सासरा नशिबाने मिळतो, असं मी आईला म्हणालो. मनात पाल चुकचुकायला हवी होती, ती चुकचुकली नाही.

खोलीची उंची आठ फूट. कपाट मी एक इंचानेच कमी ठेवलं, वर धूळ साठायला जागा नको म्हणून (या बारकाव्यावर वडिलांनी चक्क मान डोलावली). जाडी दोन फूट. सगळं जमिनीवर आडवं ठेवून एकसंध जोडलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. हे उभं कसं करणार, असं तिने विचारलं, तर मी हसून म्हणालो, हातांनी. ती गप्प बसली. शिक्षक मंडळी अशी गप्प बसली की पुढे काय होतं, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

आज सकाळी उभारणी. वडील बाह्या सरसावून मदतीला आले. जागा मोकळी हवी म्हणून त्यांनी माझी हत्यारांची पिशवी (मोबाइलसकट) बाहेर ठेवायला लावली आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघांनी कपाट उचललं. ते उठलं, बरंचसं उठलं, आणि थांबलं. सरळ उभं राहिलं तर ते छताखाली मावतं, यात वाद नाही. पण उभं राहता राहता त्याचा खालचा कोपरा जमिनीवर असतो, तिरका समोरचा कोपरा वर निघालेला असतो, आणि या दोघांमधलं अंतर उंचीपेक्षा जास्त भरतं. यालाच कर्ण म्हणतात. तुम्ही मला तो छडीने शिकवला होता, पण माझ्या लक्षात छडीच राहिली. मी म्हणालो, जोर लावू. वडील म्हणाले, लावू. मग कपाट छताच्या गिलाव्यात असं रुतलं की आता ना वर जात, ना खाली येत. ते तिरकं उभं आहे नेमकं दारासमोर, आणि दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे उघडत नाही.

तर आम्ही आत आहोत. वडील स्टुलावर, मी पालथ्या बादलीवर. आधी त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली, मग घराण्याची. घरात कुणी गणितात हुशार आहे का, असं विचारल्यावर मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. "मग तुमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही का?" असं म्हणून ते जे चष्मा पुसायला लागले ते अजून पुसतच आहेत. हे लग्न मोडलं तर मला खरंच वाईट वाटेल, मामा. बाकी क्षेम.

लोभ होता, तो या पत्रानंतरही असावा.

आपला भाचा

ता. क. : हे पत्र खिडकीच्या गजांतून शेजारच्या निवृत्त पोस्टमनकडे देतो आहे. उत्तर घेतल्याशिवाय ते तुमच्या दारातून हलणार नाहीत. त्यांना बसायला खुर्ची द्यावी.

ता. क. २ : खरं काम असं. खालून पट्टी कापली की कपाट सुटेल. मुलगी करवत घेऊन खिडकीशी आली होती. म्हणाली, "करवत देते. पण आधी सांगा, किती कापायचं?" मी म्हटलं, अंदाजाने. तिने करवत मागे घेतली, मोबाइलही दिला नाही. तरी मापं वर दिली आहेत, उत्तर ताबडतोब लिहून पाठवावं. होकार-नकार त्यानंतर कळवते म्हणाली.

ता. क. ३ : नुसतं उत्तर नको, रीतही लिहा, रीत दाखवल्याशिवाय ती गुण देत नाही. फक्त रीतीत मध्येच कुठेतरी एखादी चूक सोडा, म्हणजे ती माझी वाटेल.