जूनपर्यंतचा बाबा

वॉसॉ, विस्कॉन्सिन
९ फेब्रुवारी, रविवार

माझी लाडकी मारेन,

तू मजेत असशील, आईही बरी असेल. मी ठीक आहे. फोनवर आपण दोघंही हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. आमचं लग्न मोडून बारा वर्षं झाली, तरी तिला ते लागतं.

इकडे थंडीनं कहर केलाय. तळं इतकं घट्ट गोठलंय, की कारखान्यातल्या लाइलनं ट्रक थेट तळ्यावर नेला. बर्फाला भोक पाडून दिवसभर गळ टाकून बसलो आणि मासे मिळाले किती, तर एक. तोही एवढासा, की बिचाऱ्याला परत सोडून दिला.

बरं, आता मुद्द्याचं. शुक्रवारी आमच्या चीजच्या कारखान्यात मला केक मिळाला. पगार बघणाऱ्या डोरीननं बोलावून सांगितलं, की तुझ्या खर्चासाठी कोर्टाच्या हुकुमानं माझ्या पगारातून होणारी कपात आता बंद. मुलगी अठराची झाली आणि आता शाळेतही जात नाही, असं वरून कळवलंय म्हणे. तू शाळा सोडलीस हे मला डोरीननं सांगावं? आणि तिच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे लाइल केक घेऊन तयारच होता. आमच्यात ज्याची कपात संपते त्याला केक आणतात. वर क्रीमची तुटलेली बेडी काढली होती, दिसत होती पीळ दिलेल्या प्रेत्झेल बिस्किटासारखी. "सुटलास रे," म्हणत सगळ्यांनी पाठ थोपटली. मी हसलो, दोन तुकडे खाल्ले. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं.

मग गाडीत जाऊन बसलो, तर किल्ली फिरवायचंही सुचेना.

तुझ्या आईला फोन केला. ती रडायलाच लागली. ख्रिसमसला तू आलीस तेव्हा मी घरातही कोट घालून बसलो होतो, ते तू पाहिलंस. कारखान्यातल्या माझ्या कामाच्या पाळ्या कमी झाल्यात हेही तुला कुठूनतरी कळलं. घरी जाऊन तू तिला म्हणालीस, "मी शाळेत आहे तोवरच बाबाचा पगार कापणार ना? मग मी नाही जात." आता म्हणे वृद्धाश्रमात भांडी घासतेस.

अगं शहाणे! पाळ्या कमी झाल्यात, खरं आहे. शेगडी मी बेतानं पेटवतो, तेही खरं. पण ती काळजी माझी आहे, तुझी नव्हे. तुझा राग येत नाही. इतकं प्रेम करणारी पोर मला कशी मिळाली, याचंच नवल वाटत राहतं, आणि मग डोळे भरून येतात.

ग्रेग भला माणूस आहे. तुझ्या आईनं दुसऱ्यांदा बरी निवड केली. तो तुझी गाडी दुरुस्त करतो, शाळेच्या नाटकाला पुढच्या रांगेत बसतो, सकाळी तुझ्याशी भांडतो. माझ्या वाट्याला महिन्यातले दोन शनिवार. बाकीच्या दिवशी मी तुझा बाप कुठे असतो, सांगू? तुझ्या पायातल्या बुटांत, दुपारच्या जेवणात, चष्म्याच्या काचेत. तुला ते दिसत नसेल, मला दिसतं.

पैसे मी पाकिटात घालून पाठवले तर तू परत करशील. ओळखतो ना मी तुला, माझ्यासारखीच हट्टी आहेस.

आईनं शाळेत विचारलंय. याच महिन्यात परत गेलीस तर बुडालेला अभ्यास भरून निघेल, आणि जूनमध्ये सगळ्यांबरोबर तुझीही शाळा पूर्ण होईल. तू शाळेत गेलीस की माझी कपातही पुन्हा सुरू होईल. जूनमध्ये ती आपसूक संपणारच आहे, त्याला माझा इलाज नाही. पण त्याआधी तू संपवू नकोस. शिक्षणाचं महत्त्व वगैरे तुला इतर लोक सांगतील. मी माझ्यासाठी मागतोय. गारठ्याचं मला काही वाटत नाही, मारेन. तुझ्यासाठी करायला काहीच उरलं नाही तर, याची मात्र फार भीती वाटते.

शाळेत जा, बाळा.

कोर्टानं सांगितलं नसतं तरी जो देतच राहिला असता, तो
तुझा बाबा