चष्म्याच्या दुकानातला निम्मा हिस्सा

मी, बाजारगल्लीतल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, धंदा डोळे तपासून चष्मे देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून, देताना "या गल्लीत तुमचीच तेवढी आहे, आजी" असेही त्या म्हणाल्या. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला आधी माझा मुलगा आणि माझे जावई एकमेकांशी बोलायला हवेत. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात केली होती. हेही रागातच आहे, पण या वेळचा राग नीट विचार करून केलेला आहे.

वकीलसाहेबांचे म्हणणे, मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात. साहेब, मी कारणे लिहिली नाहीत तर माझ्यामागे ही मंडळी आपापली लावतील, आणि यांनी लावलेली कारणे मी एकदा भोगली आहेत. तेव्हा आधी कारणे.

गेल्या वर्षी भर दुपारी आमच्या गल्लीत एक माणूस सुरा घेऊन शिरला. शेजारच्या शिंपीदादांच्या बोटावर वार झाला, माझ्या दंडावर झाला, आणि मी दुकानाच्या पायरीवर आडवी पडले. चष्मा नाकावरून उडाला. तो माणूस पळाला आणि माणसे गोळा झाली. मला वाटले, आता कोणीतरी विचारेल, फार लागलं का. पहिला प्रश्न फर्निचरवाल्याचा आला.

"आजी, तो कोणापैकी होता?"

"माझा चष्मा बघ रे कुठे पडलाय."

"ते राहू द्या हो. रंगाने कसा होता? काळा की उजळ?"

"अरे मेल्या, रक्त येतंय मला!"

"ते दिसतंय. दाढी होती का, एवढंच सांगा."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी ओरडले, "रंगावरून माणूस ठरवता होय रे?" आणि माझ्या डोक्यावर सभा भरली. दोन्ही पक्ष हिरिरीने पुढे सरकले, मागे सरकले, आणि कोणाचा तरी पाय माझ्या चष्म्यावर पडला. कोणाचा ते दिसले नाही. काच फुटल्याच्या आवाजावरून माणसाचा धर्म कळत नाही.

संध्याकाळी फर्निचरवाल्याने टीव्हीवाल्यांना सांगितले की त्याने हल्लेखोराला लांबूनच ओळखले, चेहरेपट्टीवरूनच कळते म्हणे! या गृहस्थाचे डोळे मी तपासते. तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षर तो अंदाजाने सांगतो आणि अंदाजही चुकतो.

इस्पितळात आणखी बहार. मुलगा खाटेच्या एका बाजूला, जावई दुसऱ्या. मुलगा म्हणाला, "हे लोक असेच." जावई म्हणाले, "हे लोक म्हणजे कोण? तुमची भाषाच मुळात विषारी आहे," आणि माझ्या उशाशी बसून त्यांनी मोबाईलवर भेदभावाविषयी लांबलचक लेख लिहायला घेतला. मी पाणी मागितले. "दोन मिनिटं, आई, शेवटचा परिच्छेद राहिलाय," असे उत्तर आले. मग दोघांची जुंपली आणि त्यात माझी सलाईनची नळी निघाली. नर्सने दोघांना दंडाला धरून बाहेर काढले. पाणी तिने दिले. ती कोणापैकी होती ते मी विचारले नाही.

आता भाऊजींबद्दल. माझ्या यजमानांचे मित्र, आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासणारे. यजमान गेल्यावर लोक म्हणाले, बाई दुकान विकेल. भाऊजी दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, ॲप्रन घातला आणि म्हणाले, "वहिनी, नंबर सांगा." तेव्हापासून मी नंबर काढते, ते काच घासतात. भागीदारीचा कागद कधी केला नाही. त्यांचा देव वेगळा, माझा वेगळा. आमची भांडणे झाली ती पंख्याच्या वेगावरून.

हल्ला झाला त्या संध्याकाळीच गल्लीने ठरवून टाकले की सुरेवाला भाऊजींच्या लोकांपैकी. पुरावा कोणी मागितला नाही. रात्री मागच्या खोलीच्या खिडकीवर दगड आला. माझा मुलगा घाबरला आणि दुकान वाचावे म्हणून त्याने शटरवर मोठा फलक लावला: "हे दुकान फक्त आपल्या माणसांचं आहे."

मी इस्पितळातून परतले तेव्हा डोळ्यांपुढे सगळा कापूस. तुम्ही म्हणाल, दुकानात एवढे चष्मे आणि बाईला एक मिळेना? माझा नंबर इतका तिरपागडा आहे की त्याची काच भाऊजींनाच जमते. मी मुलाला विचारले, "काय रे लावलंस ते?" तो म्हणाला, "काही नाही, आई. सूट जाहीर केलीय."

त्याच सकाळी पायरीपर्यंत एक माणूस आला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. मला नुसता धूसर आकार दिसला. मी आतून मोठ्याने ओरडले, "अहो, या की आत! आज सूट आहे!"

तो थांबला नाही. ते भाऊजी होते.

पुढे सुरेवाला पकडला गेला. निघाला आमच्यातलाच. आमचाच धर्म, आमचाच रंग, फर्निचरवाल्याच्या मावशीच्या शेजारचा. लगेच गल्लीतल्या सगळ्यांना वैद्यकी आली. बिचाऱ्याला झोप लागत नव्हती, लहानपणी डोक्यावर पडला होता, घरी बायको टाकून बोलायची. आदल्या दिवशीपर्यंत जो अख्खा समाज होता, तो एका रात्रीत एकटा आजारी माणूस झाला. जावयांनी गल्लीच्या ग्रुपवर "आता बोला!" लिहून हसरे चेहरे टाकले. त्यांना इतका आनंद माझ्या मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. शिंपीदादांचे बोट मात्र वाकत नव्हते, आणि ते कोणाच्याच मुद्द्यात बसत नव्हते.

बाहेरून करवलेला चष्मा आला तेव्हा मी फलक वाचला. स्टुलावर चढून तो माझ्या हातांनी फाडला आणि तशीच भाऊजींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, दंडाला अजून कळ येते का विचारले, हवेच्या गप्पा मारल्या. फलकाचे मी सांगितले तर म्हणाले, "असू द्या, वहिनी. पोराने काळजीपोटी केलं." दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही, मग मीही काढला नाही. ते परत आले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, हे इथे लिहून ठेवते, कारण हे तोंडाने सांगायची मला सवय नाही.

सबब, माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

दुकानावरच्या दोन्ही खोल्या मुलगा आणि मुलगी यांना समसमान. अट अशी की मुलगा आणि जावई यांनी दर महिन्याला एकदा तिथे एकत्र जेवावे आणि जेवण सुरू होण्याआधी फक्त माझ्या दंडाविषयी बोलावे. दंड तेव्हा नसेल, मीही नसेन. पण राहिलेली विचारपूस पूर्ण करावी. त्यानंतर हवे तर एकमेकांची टाळकी फोडावीत.

बँकेतली शिल्लक शिंपीदादांच्या बोटाच्या उपचाराला द्यावी. बोट बरे झाले असल्यास त्यांनी ती मौजेत उडवावी.

डोळे तपासायच्या काचांची पेटी नातीला. पोरीचा हात हलका आहे आणि तोंडही माझ्यावर गेले आहे. अक्षरांचा तक्ता फर्निचरवाल्याला. तो त्याने टीव्हीशेजारी टांगावा आणि वरचे अक्षर दिसेपर्यंत कोणाची चेहरेपट्टी सांगू नये. माझा मोबाईल कोणालाही देऊ नये. आधी मला ग्रुपमधून बाहेर काढावे, मगच जाळायला न्यावे.

माझ्या शेवटच्या वेळी भाषणे नकोत. मी कोणापैकी होते हे तर कोणी मुळीच सांगू नये.

आणि दुकान, यंत्रांसह आणि नावासह, निम्मे नातीला, निम्मे काचवाले भाऊजींना. हे कलम कोणी कोर्टात ओढल्यास मी भूत होऊन त्याच्या मोबाईलमध्ये शिरेन.

इथवर मृत्युपत्र पूर्ण झाले होते. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई आल्या. दुसरे साक्षीदार शिंपीदादा येणार होते, पण ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही, त्याचा वाटाच बाद होतो, असे वकीलसाहेबांनी सांगितल्यावर ते घरी गेले. जाता जाता त्यांनी आगाऊपणा करून भाऊजींना निरोप दिला. भाऊजी आले. खुर्चीत बसून सगळे वाचले. "सूट आहे" तिथे थांबले, नाक पुसले आणि पुढे वाचले. मग वकीलसाहेबांच्या हातातले पेन घेऊन साक्षीदाराच्या जागी सही केली.

"अहो, काय करताय!" वकीलसाहेब ओरडले. "तुमचा हिस्सा गेला ना!"

"म्हणूनच केली," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही दुकान दिलंत, भूत व्हायचंही ठरवलंत. एवढ्या पानांत 'परत या' असं एकदा तरी लिहिलंय का?"

मी पाने चाळली. लिहिलेले नव्हते.

म्हणून हे शेवटचे कलम मी माझ्या हाताने जोडते: भाऊजी, परत या. मी मरायच्या आधी या. वकीलसाहेब म्हणतात याला कायद्यात काही अर्थ नाही. नसू दे.

साक्षीदार:
१. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
२. काचवाले भाऊजी (सही)

ठिकाण: दुकानाची पुढची खोली.
दिनांक: आजचा, साक्षीदार क्रमांक दोन कामावर रुजू झाले तो.

लिहून ठेवणारीची सही: (वाकडी आली आहे. "असल्या काचा कोणत्या गाढवाने घासल्या?" असे म्हणून भाऊजींनी माझा चष्मा नाकावरून काढला आणि मागच्या खोलीत नेला आहे. सही माझीच आहे, याची खात्री डॉक्टरीणबाईंनी करून घेतली.)