प्रोकोपिसचा दगड

९ मार्च
बाप-लेकीने माझी सकाळची कॉफी नासवली. कारागीर मेले अडीच हजार वर्षांपूर्वी, आणि भांडण माझ्या स्वयंपाकघरात!

माझा नवरा प्रोकोपिस जाऊन तीन वर्षं होतील. तिसऱ्या वर्षाच्या प्रार्थनेआधी थडग्यावर दगड बसायला हवा. आमचा लेक लाम्ब्रोस प्राचीन ग्रीक थडग्यांच्या धाटणीचा घडवतोय — आम्ही नवरा-बायको, हातात हात, निरोप घेताना. त्याची लेक, माझी नात आर्यिरो, अथेन्सला शिल्पकला शिकते. म्हणाली, "बाबा, त्या लोकांनी दगडात रडणं कोरलं. तुम्ही नुसती मापं उतरवताय."

लाम्ब्रोस म्हणाला, "रडून छिन्नी चालत नाही, बाई. नियमाने चालते. गेलेला बसलेला, राहिलेला उभा. दुःख गिऱ्हाइकाचं, काम आपलं."

"म्हणजे आजोबाही गिऱ्हाईकच."

पाव अर्धा टाकून उठला तो.

१० मार्च
अबोला. मसुराचं कालवण दोनदा गरम केलं. दोघं वेगवेगळे जेवले.

१४ मार्च
लाम्ब्रोसने बोटीने सीरोस बेटावरच्या दवाखान्यात नेलं. माझ्या पोटाच्या तपासण्यांचा निकाल होता. पोट माझं, पण डॉक्टर त्याच्याशी बोलला, दाराबाहेर. विचारलं तर म्हणे, "रक्त कमी आहे, आई. मटण खात जा." ऐन ईस्टरच्या उपासात मटण! पाद्रीबुवा ऐकतील तर स्वतःची दाढी उपटतील.

परतताना माझी पिशवी त्याने धरली. कधी धरत नाही.

१६ मार्च
अर्धा झालेला दगड अंगणात पालथा टाकलाय. नवा घेतला. म्हणे कच्ची शीर निघाली त्यात, दगड तडकेल. कारखान्याला आतून कडी, लेकीलाही आत घेत नाही.

आर्यिरो म्हणते, "आजी, बाबा रुसलेत." रुसू दे. संगमरवर रुसत नाही तोवर ठीक.

८ एप्रिल
दगड झाला. फडकं काढलं तशी आर्यिरोची टकळी बंद. मग बापाच्या गळ्यात पडली. "ही मापं नाहीत, बाबा." तो हातावरची पांढरी भुकटी झटकत राहिला.

प्रोकोपिस हुबेहूब. माझं वाकडं बोटही त्याच्या मुठीत आहे. सुरकुती एकही सोडली नाही मेल्याने.

मी म्हटलं, "मला का रे खुर्चीवर बसवलंस?"

"गुडघे दुखतात ना तुझे."

हसलो सगळे. मीसुद्धा.

९ एप्रिल
सकाळी आर्यिरोला हाताशी घेऊन अंगणातला दगड उलटवला. शीरबीर काही नाही. त्यात प्रोकोपिस बसलाय, मी उभी. तो दगड सीरोसला जाण्याआधीचा.

नव्यात मी बसलेली, आणि लाम्ब्रोसचा हात नियम चुकत नाही. पोरगी पांढरीफटक पडली, म्हणाली, "आजी, मी सांगते..." म्हणजे हिलाही ठाऊक आहे.

दुपारी ताटावर विचारणार. आर्यिरोने मध्ये तोंड घालायचं नाही. डॉक्टरचं नाव पुढे करायचं नाही. उत्तर लाम्ब्रोसने द्यायचं — माझ्यासमोर, उभं राहून.